डोक्याला काम

आमच्या ढब्बूच्या डोक्याला काम नाही, म्हणून तो बिघडलाय, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. डोक्याला काम नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते मी, त्यामुळं ती रोज संध्याकाळी माझ्या बैठकीत येऊन बसतात आणि त्यांची तब्येत उत्तम असते. पण कुत्र्याचं डोकं रिकामं राहिलं तर त्याला त्रास होतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पाय थकवून उपयोग नाही, डोकं थकवा," डॉक्टर प्रेरणा म्हणाल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं असं की मीच ढब्बूच्या जागी टेबलावर उभी आहे. "हा बीगल आहे. नाकानं विचार करणारी जात. तुम्ही त्याला आयतं वाडग्यात वाढता, दोनदा फिरवून आणता आणि बाकी दिवसभर तो भिंती बघतो. एक दिवस तुम्ही बसून बघा तसं."

 गेले कित्येक दिवस त्या कुत्र्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते, त्यामुळं कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. ढब्बू दोन वर्षांचा. आधी हा असा नव्हता. सकाळी हिमांशू, म्हणजे माझा नवरा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत जायला निघाला की हा दारापर्यंत पोचवायला जायचा, शेपूट हलवायचा आणि परत येऊन दुपारपर्यंत घोरायचा. संक्रांत झाली आणि याचं काय बिनसलं कोण जाणे. हिमांशू जाऊन थोडा वेळ होत नाही तर हा दाराला नखं लावायचा, कुंई कुंई करायचा, नाहीतर मान वर करून छताकडे बघत भुंकायचा. छताला काय, एक पंखा आणि कोपऱ्यात थोडी जळमटं. मी ती जळमटंसुद्धा काढली. तरी भुंकणं चालूच.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी घरी येऊन केलं. खाणं वाडग्यात द्यायचं बंद. जुन्या टॉवेलात दाणे पसरून त्याची गुंडाळी करायची, त्यानं ती नाकानं उलगडायची. अंड्यांच्या ट्रेमध्ये कागदाचे बोळे आणि बोळ्यांखाली खाऊ. बुटांच्या खोक्यात खोका, त्यात आणखी एक खोका. माझ्या मुलीला, मनस्विनीला, हे फार आवडलं. ती आठवीत आहे आणि अभ्यास सोडून जगातलं सगळं तिला आवडतं.

पण मला खरा धक्का दिला तो माझ्या सासऱ्यांनी. बाबा, म्हणजे लक्ष्मणराव, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या उल्कानगरीतल्या सोसायटीचे अनेक वर्षांचे सेक्रेटरी. कुत्रं आणलं तेव्हा 'आता या घरात देवपूजा कशी करायची' म्हणून त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. देवघराकडे ढब्बूनं नुसतं पाहिलं तरी पंच्यानं हाकलायचे. तेच बाबा डॉक्टरांचं ऐकल्यावर चष्मा लावून, कात्री घेऊन खोके कापायला बसले. खोक्यांना सारख्या मापाची भोकं पाडायची, कडा दुमडायच्या, आतले कप्पे चिकटवायचे. सरकारी माणूस, काम नीटनेटकं. सकाळी हिमांशू गेला आणि ढब्बू दाराशी घुटमळायला लागला की पहिली हाक त्यांचीच यायची, "नीरजा, तो बघ कंटाळला. आज नवीन काय देतेस त्याला?"

मी इतकी सुखावले होते म्हणून सांगू. मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं, की सासरे बदलले हो माझे, म्हातारपणी माणूस मऊ होतो.

मग मनूनं एक खेळ शोधून काढला. कुणीतरी लपायचं आणि तिनं ढब्बूला विचारायचं, "आई कुठाय?" नाहीतर "आजोबा कुठायत?" हुंगत हुंगत जाऊन त्यानं बरोबर त्या माणसाच्या पायाशी बसायचं, की लगेच चीजचा तुकडा. चारसहा दिवसांत हे येडं तयार झालं. बाबा बाथरूमच्या दारामागं पंचा सावरत श्वास रोखून उभे राहायचे आणि ढब्बूनं शोधलं की लहान मुलासारखे चिडायचे.

या खेळात बाबांची अट एकच होती. हिमांशू घरात नसेल तेव्हा त्याचं नाव घ्यायचं नाही.

ही अट मला विचित्र वाटली नाही, कारण आमच्या घरात 'कुठे' या शब्दाचं प्रस्थ पहिल्यापासून आहे. जाणाऱ्या माणसाला 'कुठे चाललास' विचारायचं नाही, विचारलं की काम होत नाही, हे सगळेच मानतात. पण बाबांइतकं कडक कुणी पाळत नसेल. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी दारात उभ्या हिमांशूला सहज 'कुठे निघालास' म्हणाले, तर बाबांनी त्याला चप्पल काढायला लावली, आत बसवलं, पाणी पाजलं आणि मग पाठवलं. तेव्हापासून मी विचारणं सोडलं. घरातला माणूस बाहेर पडला की परत कधी येणार एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. त्यामुळं बाबा जेव्हा म्हणाले, "बाहेर गेलेल्या माणसाच्या पाठीमागं 'कुठाय, कुठाय' करू नये, वाटेत अडचणी येतात," तेव्हा मी मान डोलावली. मोठ्या माणसाचं एवढं ऐकायला काय जातं?

तो दिवस मार्चमधला. बाबा पेन्शनर मंडळाच्या बैठकीला गेलेले, मनू शाळेत. मी पोरांचे चाचणीचे पेपर काढून बसले होते. एका पठ्ठ्यानं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे दहा अंश काढली होती आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात ढब्बूची नखं दारावर. टॉवेल दिला, त्यानं हुंगलासुद्धा नाही. बाबांचा नवा खोका दिला, तो ओलांडून परत दाराशी. कुंई कुंई कुंई.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. याला असं काहीतरी शोधायला सांगावं की जे घरात नाहीच. सगळ्या खोल्या हुंगत फिरेल, पलंगाखाली जाईल, गॅलरीत जाईल, दमून झोपेल. तेवढ्यात माझे पेपर होतील. कुत्र्याला फसवायचं तर होतं, त्यात काय मोठं. बाबाही घरात नव्हते.

"ढब्बू," मी म्हटलं, "हिमांशू कुठाय?"

ढब्बूनं एकही खोली हुंगली नाही. तो ताठ झाला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे दोन्ही पाय उचलून दारावर आपटले. मग मागं वळून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. अरे मूर्खा, मी मनात म्हटलं, शेंद्र्यापर्यंत हुंगत नेणार आहेस का मला? पण म्हटलं चला, जिना उतरून फाटकापर्यंत जाऊ दे, तेवढाच दमेल. मी पट्टा लावला आणि दार उघडलं.

तो खाली गेलाच नाही. वर ओढायला लागला.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर फक्त गच्ची. आमच्या बिल्डिंगला दोन जिने आहेत, एक आमच्याकडून आणि एक पलीकडच्या बाजूनं, आणि दोन्ही त्याच गच्चीवर निघतात. पलीकडच्या जिन्याच्या डोक्यावर एक खोली आहे. त्यात सोसायटीच्या गणपतीचं मखर, घडीच्या खुर्च्या, सतरंज्या असलं सामान असतं. वर्षातून दहा दिवस ती उघडते, एरवी कुलूप.

गच्चीवर पाय ठेवला तर फरशी चपलेतून भाजत होती. ढब्बू मला फरफटत त्या खोलीकडे घेऊन गेला. कुलूप उघडून कडीला अडकवलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं. ढब्बूनं नख लावलं आणि आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ढब्बू?" आतून कुणीतरी हळूच म्हणालं.

सोळा वर्षं मी त्या आवाजाशी संसार केलाय.  

दार मी नाही, ढब्बूनं ढकललं. आत मखराच्या थर्मोकोलच्या खांबांना टेकून, घडीच्या खुर्चीवर माझा नवरा बसला होता. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट. गळ्यात ओळखपत्र. मांडीवर डबा उघडलेला आणि त्यात मी सकाळी दिलेली भेंडीची भाजी. हातात पोळीचा घास तसाच राहिला. ढब्बू त्याच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून शेपूट हलवत होता. त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं.

"तू?" मी म्हटलं.  डोक्यात एकाच वेळी सगळं आलं. आजारी आहे का? काही चोरून आणलंय का? कुणी बाई आहे का? मी चक्क मखराच्या मागं वाकून बघितलं. तिथं सतरंज्या होत्या.

हिमांशू उठला. त्यानं दुसरी खुर्ची उघडली, बसायची जागा हातानं पुसली आणि म्हणाला, "बस ना."

माझ्याच डोक्यावरच्या गच्चीवर, माझाच नवरा मला पाहुणीसारखी खुर्ची देतो! मी बसले. 

"नोकरी गेली," तो म्हणाला. "आमची लाइनच बंद केली त्यांनी. सगळ्यांना काढलं."

"कधी?"

"संक्रांतीनंतर."

संक्रांतीनंतर. म्हणजे मी सकाळी उठून रोज डबा केला तो या खोलीसाठी. कंपनीचा शर्ट इस्त्री केला तो या थर्मोकोलसाठी. तो आमच्या जिन्यानं उतरायचा, खालून मला हात करायचा, कोपऱ्यावर बस पकडायला जातोय असं दाखवायचा, बिल्डिंगला वळसा घालून पलीकडच्या जिन्यानं वर यायचा आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यावर येरझारा घालायचा. कंपनीनं जाताना जे दिलं त्यातून घरखर्च चालू ठेवला होता, म्हणून मला शंकासुद्धा आली नाही. मी खाली जळमटं काढत होते! काखेत कळसा म्हणतात तो असा.

मला रडू येत होतं आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटत होती. दोन्हीतलं काहीच झालं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

तो भेंडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबा म्हणाले, दुसरी लागेपर्यंत थांबू."

मला वाटलं मी चुकून काहीतरी दुसरंच ऐकलं. "कोण म्हणालं?"

त्यानं दाराकडे बोट केलं. कुलपाला किल्ली तशीच लागली होती, आणि किल्लीला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर वळणदार अक्षरात 'गच्ची'. सोसायटीच्या सगळ्या किल्ल्या बाबांच्या कपाटात असतात आणि ते कपाट ते कुणाला उघडू देत नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी हिमांशू टाकीच्या सावलीत बसून होता. दुसऱ्या दिवशी बाबा टाकीतलं पाणी बघायला वर आले आणि बाप-लेक समोरासमोर आले. बाबा त्याला ओरडले नाहीत की त्यांनी काही विचारलं नाही. खाली गेले, किल्ली घेऊन परत आले आणि म्हणाले, उन्हात बसू नकोस. आणि नीरजाला काही बोलू नकोस, ती उगीच घाबरेल.

"मग तू नाही बोललास."

"बाबा म्हणाले म्हणून."

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! डोक्यावरचे केस पिकायला लागलेत, आणि म्हणे बाबा म्हणाले. मी उठले. "डबा बंद कर," म्हटलं. "खाली चल."

"आत्ता?"

"आत्ता. आपल्या जिन्यानं."

जिन्यात भागूबाई फरशी पुसत होत्या. आमच्या बिल्डिंगचे जिने त्याच झाडतात. हिमांशूला बघून त्यांनी हसत फडकं बाजूला केलं.

"काय साहेब, आज लवकर सुटलं व्हय हापिस?" आणि मला म्हणाल्या, "लई चांगलं झालं बाई घरच्या घरी काम. माझ्या जावयाला बी असंच पाहिजे होतं, त्यो रोज चितेगावला जातो अन् येतो."

 म्हणजे भागूबाईंनाही माहीत होतं. त्यांना जे वाटलं ते चूक होतं, पण माणूस कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ठाऊक नव्हतं ते एका मला.

बाबा परत आले होते. दार त्यांनीच उघडलं. आधी मला पाहिलं, मग माझ्यामागं हिमांशूला, मग ढब्बूला. हातात कात्री होती आणि काखेत एक नवा खोका. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. इतक्या वर्षांची नोकरी, साहेब अचानक तपासणीला आला तरी चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको.

"आज हाफ डे वाटतं?" ते हिमांशूला म्हणाले.

आणि हिमांशू, देवाशपथ सांगते, 'हो' म्हणायला तोंड उघडत होता.

"मी गच्चीवरून आणलंय त्याला," मी म्हटलं.

बाबा आत जाऊन खुर्चीवर बसले. खोका मांडीवर ठेवला.  मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगायला लागले, "हे बघ नीरजा, तुला त्रास नको म्हणूनच केलं. पुरुषाची नोकरी जाते, दुसरी लागते. तोवर घरात रडारड कशाला? आणि तुलाही काही फार जाणवलं नाही ना? तू त्या ढब्बूत छान गुंतली होतीस. मला बरं वाटायचं बघून."

मी त्यांच्या मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं. आत सात-आठ कप्पे, प्रत्येकाला वेगळं झाकण. याआधीचे सगळे खोके डोळ्यासमोर आले. दाराशी कुत्रं गेलं की येणारी ती हाक आली. आज नवीन काय देतेस त्याला? छतावर पावलं वाजली की कुत्रं भुंकायचं, कुत्रं भुंकलं की बाबा हाक मारायचे आणि हाक मारली की मी टॉवेल गुंडाळायला बसायचे. ढब्बूला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. त्याचं डोकं रिकामं नव्हतं आणि तो कंटाळलेलाही नव्हता. घरात ज्या डोक्याला काम देऊन गुंतवून ठेवायचं होतं, ते माझं होतं.

आणि बाबांनी हे सगळं मायेनं केलं होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला. त्यांना माझा राग आला असता, त्यांनी मला हिणवलं असतं तर मी भांडले असते. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते त्यात खरोखर काळजी होती, डॉक्टर प्रेरणांच्या टेबलावर ढब्बू होता तेव्हा माझ्या नजरेत होती तेवढीच.  

तेवढ्यात दार वाजलं. मनू शाळेतून आली. दप्तर फेकलं, ढब्बूला मिठी मारली आणि मग तिचं हिमांशूकडे लक्ष गेलं. "अय्या, बाबा घरी?" तिनं आम्हा तिघांची तोंडं आळीपाळीनं बघितली. "काय झालंय?"

 मग बाबा लगबगीनं उठले. चेहऱ्यावर हसू आणून त्यांनी तो खोका तिच्यापुढं धरला.

"काही नाही गं मनू. हा बघ नवा खोका, सगळ्यात अवघड केलाय. ढब्बू कधीचा कंटाळलाय, तू आतल्या खोलीत घेऊन जा बरं त्याला."

मनूनं हात पुढं केला.

मी मध्ये आले आणि खोका बाबांच्या हातातून काढून घेतला. 

"मनू, बस इथं," मी म्हटलं. "तुझ्या बाबाची नोकरी गेली आहे."

"नीरजा!" बाबा ओरडले. या घरात त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

मनू सोफ्याच्या कडेला टेकली.  तिनं आजोबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हिमांशूच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तू रोज जायचास कुठं?"

हिमांशूनं सवयीनं बाबांकडे बघितलं. बाबा मान हलवून नको म्हणत होते.  मग त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, मनूच्या शेजारी जाऊन बसला आणि बाबांकडे न बघता सांगायला लागला.